कारवारच्या बोटीच्या गाद्या बेळगावात बसून केल्या, दोन सीझननंतर सामानाचा खरा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी कुशनवाला नाही. बेळगावातच उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे, घर शहापूरला. आमची अक्का दिलीय कारवारला, सदाशिवगडात, आणि दाजींची २२ फुटी फायबरची बोट आहे, काळी नदीच्या तोंडाकडून टुरिस्ट घेऊन डॉल्फिन दाखवायला नाहीतर कुरुमगड बेटापर्यंत जाऊन येतात. पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवतात. दोन वर्षांमागं जूनमध्ये अक्काचा फोन आला की गाद्या पार फाटल्यात, गोव्यात एकाला विचारलं तर २८ हजार म्हणतोय, तू काय बघतोस काय. आता आपल्याला कोणी "बघतोस काय" म्हटलं की आपण बघतोच की, तीच माझी चूक.

दाजींनी गाद्या बोलेरो पिकअपमध्ये घालून अणशी घाट चढून जोयडा, रामनगर, खानापूर करत पाठवून दिल्या. उतरवताना एकेक गादी दोघांनी धरावी लागली, एवढं पाणी आत. अंगणात ठेवल्या तर दुसऱ्या दिवशीपर्यंत खालून पाणी ठिबकतंय, आई म्हणाली हे काय समुद्रच घरात आणलास.

फाडून बघितलं तेव्हा कळलं. वरचं रेक्झिन खरं म्हणजे एवढं वाईट नव्हतं, दोन जागी चिरलेलं, बाकी ठीक. आतमध्ये मात्र प्लाय काळी पडून भिजलेल्या पावासारखी, बोटानं तुकडे निघताहेत, स्टेपलच्या पिनांचा नुसता तांबडा भुगा राहिलेला. रेक्झिन धरून ठेवायला खाली काही उरलंच नव्हतं म्हणून ते सुटलं, मग वाऱ्यानं फडफडून फाटलं. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण सगळे विचारतात "रेक्झिन कुठलं घेतलंस" आणि पिना कुठल्या हे कोणीच विचारत नाही.

तरी रेक्झिनपासूनच सुरू करतो, लोकांना तेच हवं असतं. इथं बाजारात दोन-तीन दुकानं फिरलो. रिक्षाला, टेम्पोला, हॉटेलच्या बाकड्यांना जे लावतात ते साधं रेक्झिन २२० रुपये मीटर मिळत होतं, दुकानदार म्हणाला बोटीला पण हेच नेतात की सगळे, काय होत नाही. उलटं करून बघितलं तर मागचं कापड सुती. एक धागा उपसून बाहेर आलो आणि काडी लावली, कागदासारखा जळून राख झाली. पॉलिस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. सुती पाठ ओल धरते, काळी बुरशी येते, मग वरच्या पीव्हीसीचा थर सुटायला लागतो. शिवाय साध्या रेक्झिनला मऊ ठेवणारं जे तेलकट रसायन असतं ते उन्हात हळूहळू निघून जातं, मग ते पापडासारखं कडक होऊन तडकतं. रिक्षाला चालतं कारण तिथं टप असतो वर, बोटीत सकाळी सातपासून डोक्यावर ऊन.

म्हणून ऑनलाइन मरीन ग्रेड, म्हणजे बोटीसाठीचं रेक्झिन मागवलं, ७८० रुपये मीटर, पाच मीटर, वर कुरियर २५०. आलं तेव्हा मागं पॉलिस्टरची विणलेली जाळी, वास कमी, हाताला जाड. विकणाऱ्यानं फोटोत दाखवलेला रंग आणि आलेला रंग यात फरक होता, फोटोत मोत्यासारखा पांढरा आणि घरी आला तो ताकासारखा, पण परत पाठवायला वेळ नव्हता. दाजींना खरं म्हणजे गडद निळा पाहिजे होता, बोटीच्या पट्ट्याला मॅचिंग. मी म्हटलं दाजी, तुमचे टुरिस्ट हाफ चड्डीत येतात, एप्रिलमध्ये निळ्या गादीवर बसले तर मांड्या भाजून निघतील. अक्कानं माझी बाजू घेतली, विषय संपला.

दोन सीझन झाले, रंग गेला नाही, तडा नाही, साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं निघतं सगळं. सनस्क्रीन लावून येणाऱ्या लोकांचे पिवळट डाग मात्र पक्के बसलेत. एकदा पोरानं ब्लीच लावून घासलं, डाग गेला पण तेवढा भाग खरखरीत झाला, ते करू नका. रेक्झिनला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा रंगाच्या फसवणुकीचा कापला.

आता कापडाचा हिशेब, कारण इथं मी अख्खी रात्र घालवली. रोलची रुंदी ५४ इंच. बाकाच्या दोन लांब गाद्या, प्रत्येकी ७२ बाय १८ इंच, फोम तीन इंची. वरचं १८, दोन्ही बाजूंचे तीन-तीन म्हणजे २४, खाली दुमडून पिना मारायला दोन-दोन इंच धरलं की २८. दोन पट्ट्या शेजारी शेजारी काढायच्या तर ५६ आणि रोल ५४! दोन इंचासाठी दुप्पट कापड घ्यावं लागतंय. फोम दोन इंची केला तर बसत होतं पण दाजी म्हणाले लाटेवर बोट आपटते तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या कंबरेत जातं, तीनच पाहिजे. शेवटी खालची दुमड सव्वा-सव्वा इंच केली, साडेसव्वीस आणि साडेसव्वीस, ५३ इंच, बसलं. पण सव्वा इंच कापड बोटांनी धरून ताणता येत नाही, चिमट्यानं ओढावं लागतं, आणि चिमट्याच्या दातांनी कापडाला खुणा पडतात. दातांवर जुनी सायकलची ट्यूब गुंडाळून ओढलं. माझी अंगठ्याची साल गेली ती गेलीच. ज्याच्याकडं पैसे आहेत त्यानं सरळ जास्त कापड घ्यावं.

फोमचं सोपं होतं. ४० डेन्सिटीचा तीन इंची, सहा बाय तीन फुटी शीट, मधून कापली की बरोब्बर दोन बाकं, काहीच वाया नाही. २८०० रुपये. फोमवाल्यानं ३२ डेन्सिटी स्वस्तात देतो म्हटलं, पण दिवसात चार ट्रिपा, दर ट्रिपला वेगळी माणसं बसणार उठणार, ३२ चा सहा महिन्यात खड्डा पडला असता. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरात किती किलो माल ते, हाताला मऊ-कडक लागणं ही वेगळी गोष्ट आहे, दुकानात दाबून बघून फसू नका, सरळ विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

पण एक कबूल करतो, हा फोम स्पंजच आहे, पाणी पितो. बोटीसाठी वेगळा फोम येतो, मोठ्या उघड्या भोकांचा, त्यातून पाणी गळून जातं, पण तो इथं मिळाला नाही आणि मागवायचा तर रेक्झिनपेक्षा महाग पडत होता. मग मी शहाणपणा केला, फोमला चारी बाजूंनी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, टेपनं पॅक केलं, म्हटलं आता पाणी कुठून जातंय बघू. पिना मारताना त्याच प्लास्टिकला शेकडो भोकं पडली. पाणी त्या भोकातून आत गेलं आणि बाहेर यायचा रस्ता बंद. डिसेंबरात दाजींचा फोन, गादीवर बसलं की कुसका वास येतो रे. नंतर खोलून खालचं प्लास्टिक काढून टाकलं, वर आणि बाजूला फक्त ठेवलं, खाली शेडनेटचा तुकडा, आणि प्लायला १२ मिलीची भोकं पाडली, एका बाकाला दहा. आता पाणी गेलं तरी गळून जातं. शिवाय ट्रिपा संपल्या की गोड्या पाण्यानं धुऊन गाद्या कडेवर उभ्या करून ठेवायच्या, मीठ आत राहिलं की ते हवेतली ओल खेचून घेतं आणि गादी वाळतच नाही.

प्लायसाठी जास्त डोकं चालवू नका. आयएस ७१० शिक्का असलेली मरीन प्लाय घ्या, बस. तिची टेस्टच ७२ तास उकळत्या पाण्यात घालून होते. जुन्या गाद्यांना साधी कमर्शियल होती, तिची गत वर सांगितलीच. १२ मिलीची आठ बाय चारची शीट ३२०० ला पडली, कापलेल्या कडांना आणि भोकांच्या आत रेझिन, म्हणजे पाणी अडवणारा लेप, दोन हात लावलं, कारण प्लाय कडेनंच पाणी ओढते.

बाकाखालच्या खणात लाइफ जॅकेट असतात. जुन्या बाकाचा बोर्ड स्क्रूनं पक्का होता आणि जॅकेट काढायला पुढून हात घालावा लागायचा. पौष पौर्णिमेला कुरुमगडावर नरसिंहाची जत्रा असते, २०१९ च्या जत्रेत परतताना बोट उलटली ती कारवारात कोणी विसरलेलं नाही. दाजी म्हणाले गादी कितीही देखणी कर पण एका हातानं झाकण उघडलं पाहिजे. म्हणून बोर्डाला स्टेनलेसच्या बिजागऱ्या लावल्या आणि पुढं नुसता पट्ट्याचा कान, कडी नाही, कुलूप नाही. आणि कोणी विचारेल म्हणून सांगतो, असली फोमची गादी पाण्यात धरून तरंगायला नसते, भिजली की जड होते.

आता पिना. इथंच मी तोंडावर आपटलो. हाताची स्टेपल गन घेतली १४०० ची, कंपनीचं नाव घेत नाही, डब्यावर "हेवी ड्यूटी" लिहिलेलं. मरीन प्लाय एवढी कडक की १० मिलीची पिन अर्धी जाऊन वाकडी होतेय, प्रत्येक पिन हातोडीनं ठोकायची. आठ मिलीची त्यातल्या त्यात बरी गेली. पन्नासेक पिनांनंतर तळहात सुजला. गनला पाचपैकी दोन, ते पण स्प्रिंग अजून तुटली नाही म्हणून. दुसऱ्या आठवड्यात आमच्या मेस्त्रींना विचारून रविवारी कंपनीतला कंप्रेसर आणि हवेची गन वापरली, दीड तासात दोन्ही बाकं झाली. ज्यांच्या ओळखीत कोणाकडं कंप्रेसर आहे त्यांनी हाताच्या गनच्या नादी लागूच नका.

पण गन सोडा, पिना कुठल्या मारल्या? गनसोबत फुकट आलेल्या, साध्या, वर जस्ताचं चकचकीत पाणी दिलेल्या. मला वाटलं खालच्या बाजूला आहेत, कोणाला दिसतात. ऑक्टोबरात बोट पाण्यात गेली आणि दिवाळी व्हायच्या आत दाजींनी फोटो पाठवला, पांढऱ्या फायबरवर बाकाखालून तांबडे ओघळ, पान खाऊन कोणी पिचकाऱ्या मारल्यासारखे. मीठ, ओल आणि आठ मिलीच्या पिनेची बारीक तार, जस्ताचा थर किती दिवस टिकणार. मी रोज लोखंडात काम करणारा माणूस, मला हे कळायला नको होतं काय? दाजी काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मग स्टेनलेसच्या मागवल्या, ९०० रुपये डबा, साध्याचा १५० ला येतो. ३०४ ग्रेड. खऱ्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही असं डोक्यात, म्हणून डबा आल्याआल्या चुंबक लावला आणि चिकटला की! विकणाऱ्याला चार शिव्या देणारा मेसेज टाइप करून ठेवलेला, पाठवायच्या आधी कामावर आमच्या मेस्त्रींना दाखवल्या. ते हसले, म्हणाले अरे बा, तार थंडच खेचून बारीक करतात, तशी खेचली की ३०४ पण थोडी चुंबकाला लागते, ती काय खोटी झाली नाही. दोन पिना मिठाच्या पाण्यात आणि दोन जुन्या शेजारच्या ग्लासात टाकून खिडकीत ठेव. तसंच केलं. चौथ्या दिवशी जुन्यांचं पाणी चहासारखं, नव्या तशाच. मेसेज डिलीट केला. ३१६ ग्रेड मिळाली तर अजून चांगली, खाऱ्या पाण्याला तीच, पण या साइझमध्ये मला मिळाली नाही. ३०४ ला आता पुसट पिवळे डाग आलेत, ओघळ नाहीत. पिनांना पाचपैकी चार.

जुन्या सगळ्या पिना उपसायला एक अख्खा शनिवार-रविवार गेला, सदाशिवगडात, त्यांच्या पडवीत बसून, आणि अक्कानं दोन्ही दिवस बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, खायला घातलं म्हणून तक्रार नाही.

आता एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही. मी हे काम केलं जुलैत, बेळगावात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, जुलैचा पाऊस, स्वेटर घालून बसायची हवा. रेक्झिन थंडीत ताठ होतं, जेवढं ताणायचं तेवढं ताणलं, ढोलासारखं वाजत होतं. खाली कारवारात मार्चच्या उन्हात तेच कापड मऊ पडून सैल झालं आणि बसायच्या जागी सुरकुत्या. नंतर ओळखीच्या एका रिक्षाचे टप-सीट करणाऱ्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही रेक्झिन आधी उन्हात पसरून ठेवतो, गरम झालं की ओढतो, पावसात गिऱ्हाईक आलं तर तवा तापवून जवळ धरतो. पिना बदलताना त्यांच्या सांगण्यावरून कापड पहिल्यांदा उन्हात टाकलं होतं एका बाकाचं, दुसऱ्याला घाई झाली. आजही बघा, डाव्या बाकाला सुरकुती नाही, उजव्याला आहे. हेअर ड्रायरनं पण होतं पण हळूहळू, एका जागी धरला की चमक जाते.

ताणायची पद्धत: प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकच पिन, आधी समोरासमोर, मग मधून कोपऱ्याकडं सरकायचं, कोपरा शेवटी. मी पहिल्या गादीला एका टोकापासून सुरू केलं आणि शेवटच्या टोकाला सगळी घडी गोळा झाली, पोस्टाच्या पाकिटासारखी. खोलून परत.

बाकाच्या गाद्यांना शिलाई नाहीच, नुसतं दुमडून पिना. हे मुद्दाम, कारण सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी जातं. पण चालवणाऱ्याच्या सीटला पाठ आहे, पाइपिंग म्हणजे कडेची गोट आहे, ती शिवावीच लागते. जुनं कव्हर उसवून त्याचे तुकडे खडूनं नंबर घालून नवीन कापडावर ठेवले, अर्धा इंच शिलाईसाठी सोडला. आईचं पायमशीन घेतलं, १८ नंबरची सुई घातली, दोन थर गेले, पाइपिंगसकट चार थर आले तिथं मशीन "आगूदिल्ल री", म्हणजे कानडीत जमणार नाही, म्हणून बसलं. पावलाला रेक्झिन चिकटतं, वर पातळ कागद ठेवून शिवलं तर सरकतं, नंतर कागद फाडून काढायचा, ती युक्ती चालली, पण मशीनमध्येच दम नव्हता. आईनं ढकलून उठवलं मला.

तेव्हा त्याच टपवाल्या काकांकडं गेलो. अख्खं काम त्यांनी आधीच नाकारलेलं, समुद्राचं काम मी धरत नाही, उद्या गंज आला की तू माझ्या दारात. शिलाई तेवढी दिली करून, ६०० रुपये, त्यांच्या जाड मशीनवर वीस मिनिटं. टाका मोठा घातला, साधारण पाच मिलीचा, बारीक टाक्यानं रेक्झिनला भोकांची ओळ पडते आणि तिकीट फाटल्यासारखं फाटतं म्हणाले. कामाला पाचपैकी पाच. दोरा मात्र मी नेलेला, चपला-बॅगांचा नायलॉन, ओढून तुटत नव्हता म्हणून खूश होतो. दुसऱ्या सीझनच्या फेब्रुवारीत पाठीच्या वरच्या कडेला, जिथं दिवसभर ऊन, तिथं पाइपिंग उसवलं, दोरा नखानं तुटतोय. नायलॉनला ऊन सोसत नाही. पॉलिस्टरचा बाँडेड, म्हणजे वर लेप दिलेला दोरा ३५० ला मिळाला, काकांनी परत शिवून दिलं, या वेळी पैसे घेतले नाहीत, नुसतं बघितलं माझ्याकडं.

एकूण खर्च विचाराल तर सगळं धरून, गन, चिकटवायचा फेविकॉल एसआर आणि फुकट गेलेल्या पिना-दोरा सुद्धा, साडेतेरा-चौदा हजार, गोव्याच्या कोटेशनच्या निम्मा. त्यात माझे सहा-सात रविवार धरलेले नाहीत. पहिल्यांदाच बरोबर पिना आणि बरोबर दोरा घेतला असता तर चार रविवार वाचले असते, आणि जादा पैसे लागले असते फक्त हजारेक.

इंजिनपुढच्या दोन छोट्या गाद्या अजून जुन्याच आहेत. कापड मीटरभर उरलंय, पिनांचा अर्धा डबा आहे. मेमध्ये दोन दिवस रजा टाकून सदाशिवगडालाच जाणार, दुपारी बाराला, पडवीत नाही, अंगणात. अक्काला सांगून ठेवलंय, आणि उजवं बाक पण त्याच दिवशी खोलणार, ती सुरकुती मला फोटोतसुद्धा बघवत नाही.